कॉफी कॅप्टनला पिते तेव्हा: एका वाक्यात ग्रीक व्याकरण

ओ कापेतान्योस पीनी तोन काफे तू स्ती येफिरा.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा इंजिन रूममध्ये 45 डिग्री होतं, माझा बॉयलर सूट अंगाला चिकटलेला, आणि आमचे चीफ इंजिनिअर, जे ग्रीक होते, हीओस बेटावरचे, ते जनरेटरकडे बघत स्वतःशीच हे पुटपुटले. मी विचारलं काय म्हणालात, तर म्हणे, 'कॅप्टन ब्रिजवर त्याची कॉफी पितोय.' ब्रिज म्हणजे जिथून जहाज चालवतात ती वरची खोली. म्हणजे आम्ही खाली उकडतोय आणि तो वर एसीत बसलाय. डेकवाले आणि इंजिनवाले यांचं हे भांडण जगातल्या प्रत्येक जहाजावर असतं, त्यात नवीन काही नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं, आणि पुढचे सहा महिने बारा ते चारच्या वॉचमध्ये, म्हणजे पाळीत, आम्ही तेच एक वाक्य उलटंसुलटं करत राहिलो. मला जे काही थोडंफार ग्रीक येतं ते सगळं त्यातून आलंय, म्हणून इथे पण तेच घेतो.

आधी शब्दाला शब्द लावून बघू. ओ कापेतान्योस म्हणजे कॅप्टन, पीनी म्हणजे पितो, तोन काफे म्हणजे कॉफी, तू म्हणजे त्याची, स्ती येफिरा म्हणजे ब्रिजवर. येफिरा म्हणजे साधा नदीवरचा पूल सुद्धा, जहाजाचा ब्रिज सुद्धा. आणि पीनी बघून तुम्हाला आपलं पिणं आठवलं असेल तर बरोबरच आठवलं, संस्कृतातला पिबति, आपलं पिणं आणि ग्रीकांचं पीनो यांचा धातू एकच आहे. फक्त त्यातला न आणि आपला ण यांचा संबंध नाही, तो योगायोग, आपला ण हा करणं-जाणं मधला णं आहे.

आता खरी गंमत त्या बारक्या शब्दांत आहे, ओ आणि तोन. सुरुवातीला मी ते सोडूनच द्यायचो, वाटायचं असेल काहीतरी इंग्रजीतल्या 'द' सारखं. ते 'द' सारखं आहेच, पण 'द' एकटा असतो आणि ह्याचं अख्खं कुटुंब आहे. ग्रीकमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं. पुल्लिंगाला ओ, स्त्रीलिंगाला ई, नपुंसकलिंगाला तो. म्हणजे ओ कापेतान्योस, ई येफिरा, तो प्लीओ. प्लीओ म्हणजे जहाज, आणि बघा, आपल्याकडेही ते जहाज नपुंसकलिंगीच. फक्त नपुंसकाला तो म्हणतात हे मराठी माणसाला पचायला वेळ लागतो, मी किती दिवस प्रत्येक 'तो' ऐकला की पुरुष शोधायचो.

चीफने हे तीन शब्द सांगितले तेव्हा मला काहीच क्लिक झालं नाही. मग एकदा त्यांनी वहीवर खाली दुसरी ओळ लिहिली, हेच शब्द कर्म असताना कसे होतात ती: तोन, तीन, तो. आणि मला एकदम आठवीचा संस्कृतचा वर्ग आठवला. सः, सा, तत्. खाली तम्, ताम्, तत्. अहो हे तेच आहे! जुन्या ग्रीकमध्ये पहिली ओळ हो, हे, तो अशी होती, कारण शब्दाच्या सुरुवातीला स्वराआधी येणाऱ्या स चा ग्रीकमध्ये ह झाला (सप्तचं जुनं ग्रीक हेप्ता, आपल्या शेजारी इराणात सिंधुचं हिंदु झालं तसाच प्रकार), आणि पुढे तो ह पण लोकांनी उच्चारायचा सोडला, म्हणून आज नुसतं ओ आणि ई उरलं. शेवटच्या म् चा ग्रीकमध्ये न् झाला, म्हणून तम् चं तोन. म्हणजे आपलं तो-ती-ते आणि ग्रीकांचं ओ-ई-तो एकाच खापरपणज्याची पोरं, फक्त आपण 'तो' पुरुषाला दिला आणि त्यांनी वस्तूला.

हे एवढं कळलं की ग्रीकची अर्धी भीती जाते असं माझं मत आहे. कारण ग्रीक वाक्यात कोण काय करतोय हे शब्दाच्या जागेवरून नाही तर ह्या बारक्या शब्दावरून आणि मुख्य शब्दाच्या शेपटीवरून कळतं. कर्ता असेल तर ओ काफेस. कर्म झालं की तोन काफे, स गळाला. कर्ता असेल तर ओ कापेतान्योस, कर्म झाला की तोन कापेतान्यो, परत स गळाला. पुल्लिंगी शब्दाच्या शेवटी स दिसला म्हणजे साहेब मालक आहेत, स गेला म्हणजे त्यांच्यावर काहीतरी घडतंय. आपल्या देवः मधला विसर्ग तो हाच स.

आणि इथेच माझी फजिती झाली. महिनाभरानंतर कॅप्टन राऊंडला खाली आले, चीफने कौतुकाने सांगितलं की हा थर्ड (थर्ड इंजिनिअर, म्हणजे मी) ग्रीक शिकतोय, कॅप्टन म्हणाले बोल काहीतरी. मी काफेस हा शब्द डिक्शनरीत बघितलेला, तिथे अर्थातच स सकट असतो, आणि कॅप्टनचा शब्द चीफच्या तोंडून बहुतेक वेळा 'कॅप्टनला सांग, कॅप्टनला विचार' असा ऐकलेला म्हणजे बिना स चा. मी छाती फुगवून बोललो: ओ काफेस पीनी तोन कापेतान्यो. दोन सेकंद शांतता आणि मग दोघंही असे हसले की मला वाटलं कुठला अलार्म वाजला म्हणून ओरडतायत. मी म्हणालो होतो, कॉफी कॅप्टनला पिते.

पण विचार करा, मराठीत 'कॅप्टन कॉफी पितो' आणि 'कॉफी कॅप्टन पितो' दोन्ही बोललं तरी अर्थ तोच राहतो, कारण आपण निर्जीव कर्माला सहसा प्रत्यय लावत नाही, कॉफीला कोणी 'कॉफीला पितो' म्हणत नाही, ऐकणारा अकलेने समजून घेतो. ग्रीक शक्यतो अकलेवर सोडत नाही, पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी कर्माला, सजीव असो निर्जीव असो, खूण लावतो. त्याचा फायदा असा की शब्द हवे तसे फिरवता येतात. तोन काफे तोन पीनी ओ कापेतान्योस, म्हणजे 'कॉफी ना, ती कॅप्टन पितो', हे अगदी रोजच्या बोलण्यातलं. मराठीत आपण जोर द्यायला शब्द पुढेमागे करतो तसंच.

स्त्रीलिंगाचं उलटं आहे. येफिरा कर्ता असो की कर्म, येफिराच. पण षष्ठी आली, 'ब्रिजचा' म्हणायचं झालं, की तीस येफिरास, म्हणजे पुरुषाचा जो स गळतो तो हिला येऊन चिकटतो. पुरुषाची षष्ठी तू कापेतान्यू. आणि नपुंसक बिचारं सरळ, कर्ता आणि कर्म एकच, तो प्लीओ आणि तो प्लीओ. वनम् पाठ करताना प्रथमा झाली की द्वितीया फुकट मिळायची, आठवतंय? तोच नियम. हा इतका जुना नियम आहे की संस्कृत आणि ग्रीक दोघांनी तो घरून निघतानाच बरोबर घेतला.

लिंग कुठलं हे मात्र पाठच करायचं, त्याला इलाज नाही. आपल्याकडे चहा पुरुष आणि कॉफी बाई, ग्रीकमध्ये कॉफी पुरुष आणि चहा, म्हणजे तो त्साय, नपुंसक. समुद्र आपला पुरुष, त्यांची थालासा बाई. मी कोकणातला असल्यामुळे समुद्राला बाई म्हणायला मला जरा जड गेलं, पण दर्या शांत असेल तेव्हा चालून जातं.

आता तो 'तू'. काफे तू म्हणजे त्याची कॉफी. मालकीचा शब्द ग्रीकमध्ये वस्तूच्या मागे येतो, कॉफी त्याची, जहाज माझं (तो प्लीओ मू), असं. आणि आपल्या त्याची-तिची मध्ये दोन भानगडी असतात, त्या/ति मालकावरून आणि चा/ची/चं वस्तूवरून. ग्रीकला फक्त मालकाशी घेणं आहे, पुरुष असेल तर तू, बाई असेल तर तीस, वस्तू कुठली का असेना. हे आपल्यापेक्षा सोपं. पण एक लोचा आहे. 'तू' म्हणजे त्याची, पण नामाच्या आधी आला तर तोच 'तू' षष्ठीचा 'द' असतो. तोन काफे तू, एवढंच म्हणून थांबलात तर 'त्याची कॉफी'. तोन काफे तू कापेतान्यू, पुढे नाम आलं, तर 'कॅप्टनची कॉफी'. म्हणजे तू ऐकला की लगेच अर्थ लावायचा नाही, पुढचा शब्द येतोय का बघायचं. आणि आपल्याकडे 'आपली कॉफी' म्हटलं की स्वतःचीच हे पक्कं असतं, ग्रीकचं 'तू' तेवढं पक्कं नाही, ती दुसऱ्या कोणाची पण असू शकते. चीफला ह्यावरून कॅप्टनवर अजून एक आरोप करता आला, की तोन काफे तू म्हणजे दुसऱ्याचीच कॉफी पितोय हा.

स्ती येफिरा मध्ये दोन शब्द चिकटलेत, से आणि ती. से म्हणजे मध्ये, वर, ला, कडे सगळंच. एकाच शब्दाला एवढी कामं देणारी भाषा मला आवडली, शिकणाऱ्याचे कष्ट वाचतात. से अधिक तोन म्हणजे स्तोन, से अधिक तीन म्हणजे स्तीन, से अधिक तो म्हणजे स्तो. मग स्तीन चा न कुठे गेला? तो पुढचा शब्द बघून जातो किंवा राहतो. पुढे स्वर किंवा क, प, त सारखा दणकट आवाज असेल तर राहतो, येफिरासारखा मऊ असेल तर गळतो. स्तीन आथीना म्हणजे अथेन्सला, पण स्ती येफिरा.

आणि राहिला तरी तो गप्प राहत नाही. बोलताना तोन काफे हे 'तोंगाफे' असं ऐकू येतं, न मुळे पुढच्या क चा ग होतो. मी पहिले पंधरा दिवस गाफे हा शब्द डिक्शनरीत शोधत होतो. तसंच न नंतर प आला की ब होतो, त आला की द होतो. ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण जगाच्या नकाशावर आहे, इस्तंबूल. जुने ग्रीक लोक त्या शहराला नुसतं पोली म्हणायचे, म्हणजे शहर, आपण गावाकडे 'शहरात गेलो होतो' म्हणतो तसं, आणि 'शहरात' म्हणजे इस तीन पोलीन, बोलताना इस्तिंबोली, त्यातूनच इस्तंबूल हे नाव आलं असं मानतात. म्हणजे शहराच्या नावात विभक्तीसकट व्याकरण गेलंय.

ह्याच उच्चारामुळे पिरेअसला, म्हणजे अथेन्सजवळच्या बंदराला, बसमधून जाताना मला रस्त्यावरची पाटी ओळखीची वाटली. सेंटरला, म्हणजे शहराच्या मध्यभागाला, ते केन्त्रो लिहितात आणि केन्द्रो म्हणतात. आपला केंद्र! आणि हा योगायोग नाही, केंद्र हा शब्द ज्योतिषाबरोबर ग्रीकमधून संस्कृतात आला आणि तिथून आपल्या केंद्र सरकारपर्यंत पोचला. होरा पण तसाच, ग्रीकमध्ये ओरा म्हणजे तास, वेळ. ती ओरा ईने, किती वाजले, असं बस स्टॉपवर कोणी विचारलं तर समजायचं की तो पत्रिका मागत नाहीये.

क्रियापदाकडे येतो. पीनो मी पितो, पीनिस तू पितोस, पीनी तो पितो, पीनूमे आम्ही, पीनेते तुम्ही, पीनून ते. मराठी माणसाला ह्यात घाबरण्यासारखं काही नाही, शेपटीवरून कोण ते कळतं म्हणून मी-तू-तो वेगळं बोलावंही लागत नाही. तुम्ही हे आदरालाही चालतं, आपल्यासारखंच, कॅप्टनशी बोलताना पीनेते म्हणायचं, पीनिस म्हटलं की चीफ डोळे मोठे करायचे. एक गोष्ट तर आपल्याहून सोपी, तो पितो ती पिते असा भेद नाही, दोघांनाही पीनी. आणि कर्ता कायम प्रथमेतच. एकदा मी उलटं चीफला मराठी शिकवायला गेलो, कॅप्टन कॉफी मागवतो, पण काल कॅप्टनने कॉफी मागवली, आणि मागवली मधली ई कॅप्टनची नाही, कॉफीची. चीफने पेन खाली ठेवलं आणि म्हणाले थर्ड, तुमच्यात कॉफी खरंच कॅप्टनला पिते.

भूतकाळ दोन प्रकारचा. एपिने आणि ईप्ये. एपिने म्हणजे पीत होता किंवा रोज प्यायचा, म्हणजे कप अजून हातात आहे. ईप्ये म्हणजे प्यायला, कप खाली ठेवला, विषय संपला. हा फरक ग्रीकमध्ये भयंकर महत्त्वाचा, भूतकाळातलं जवळपास प्रत्येक क्रियापद बोलताना आधी ठरवायचं की कप हातात आहे की खाली. एपिने मधला पुढचा ए बघा, पीनी ला आधी ए लागला. संस्कृतात पिबति चं अपिबत् करताना पुढे अ लावतो तोच हा. फक्त आजच्या ग्रीकमध्ये हा ए हौशी आहे, त्याच्यावर जोर पडणार असेल तरच येतो. आम्ही पीत होतो म्हणायला पीनामे, ए गायब, कारण जोर पी वर पडला.

जोर म्हटल्यावर सांगतो, हे हलक्यात घेऊ नका. एकाक्षरी शब्द सोडले तर जवळपास प्रत्येक शब्दात एका ठिकाणी जोर असतो आणि लिहिताना त्या अक्षरावर रेघ मारतात. पूर्वी ह्या रेघांचे आणि चिन्हांचे बरेच प्रकार होते, 1982 साली सरकारने ते काढून एकच रेघ ठेवली, पोरांची सुटका झाली. पोते ह्या शब्दात पो वर जोर दिला तर 'कधी', ते वर दिला तर 'कधीच नाही'. माझा रिलीव्हर, म्हणजे माझ्या जागी येणारा माणूस, कधी येणार हे चीफला विचारताना मी जोर चुकवला, आणि त्यांनी शांतपणे मान हलवून 'बरोबर' म्हटलं.

स्पेलिंगचं एका वाक्यात उरकतो कारण तो रडण्याचा विषय आहे: आपण पहिली-दुसरी वेलांटीवरून भांडतो, ग्रीकमध्ये ई हा एकच आवाज सहा प्रकारे लिहितात आणि आमच्या पीनी मध्येच त्यातले दोन आहेत.

हाक मारताना ओस चं ए होतं. कॅप्टनला हाक मारायची तर कापेतान्ये! मी जहाजावर तिसरा, त्रीतोस (तृतीय, बरोबर), म्हणून चीफ मला ओरडायचे त्रीते! भारतीय क्रू मला तीन साब म्हणायचा, अर्थ तोच. आजच्या ग्रीकमध्ये विभक्त्या एवढ्याच चार, प्रथमा, द्वितीया, षष्ठी, संबोधन. चतुर्थी मेली. आपल्या मराठीतही चतुर्थीला स्वतःचं काही उरलं नाही, स-ला-ते हे द्वितीयेचेच. पण मेलेली चतुर्थी एका शब्दात जिवंत आहे आणि तो शब्द ग्रीक माणूस दिवसातून शंभरदा बोलतो, एन्दाक्सी. ओके, ठीक आहे. मूळ एन ताक्सी, म्हणजे 'क्रमात आहे, व्यवस्थित आहे', त्यातलं ताक्सी जुन्या चतुर्थीत. आपण कृपया म्हणतो तेव्हा त्यात संस्कृतची तृतीया आहे हे कोणाच्या लक्षात असतं? तसंच.

चतुर्थी गेल्यावर तिचं 'मला, तुला' चं काम सर्वनामांत षष्ठीने घेतलं, आणि त्यामुळे एक वाक्य असं तयार झालंय जे इंग्रजीवाल्यांना छळतं आणि आपल्याला फुकट मिळतं. मू आरेसी ओ काफेस. मला कॉफी आवडते. कर्ता कॉफी आहे, मी नाही, क्रियापद कॉफीप्रमाणे चालतं, अनेक कॉफ्या असतील तर आरेसून. मराठीत 'मला कॉफी आवडते, मला आंबे आवडतात', एकदम फिट. इथे काफेस ला स हवाच, कारण इथे खरंच कॉफी मालक आहे.

उरलं 'पिणं, जाणं, करणं' असं मूळ रूप. ते ग्रीकमध्ये आता नाहीच. मला कॉफी प्यायची आहे हे थेलो ना प्यो, शब्दशः 'इच्छितो की पिऊ'. त्याला प्यायची आहे हे थेली ना प्यी, दोन्ही क्रियापदं माणसाप्रमाणे बदलली. 'प्यायला, प्यायची' असं एक तयार रूप वापरायची सोय नाही, दर वेळी पूर्ण क्रियापद चालवा. सुरुवातीला हात थकतो, मग सवय होते. साइन ऑफच्या, म्हणजे काम संपवून जहाजावरून उतरण्याच्या, आदल्या दिवशी ब्रिजवर सही घ्यायला गेलो तर कॅप्टन कप पुढे करून म्हणाले, त्रीते, ओ काफेस थेली ना मे प्यी. थर्ड, कॉफीला मला प्यायचंय. मी मनात मराठी न करता हसलो, आणि चिडलो पण, कारण पाच महिने झाले तरी हे कोणी विसरलं नव्हतं.

तुम्ही आता एक करून बघा. 'मारिया घरी तिचा चहा पिते'. मारिया स्त्रीलिंग, आणि ग्रीकमध्ये माणसाच्या नावाआधी सुद्धा ओ-ई लागतोच. त्साय नपुंसक, घर म्हणजे स्पीती, ते पण नपुंसक. उत्तर: ई मारीया पीनी तो त्साय तीस स्तो स्पीती. तीस च्या जागी तू टाकलात तर मारिया दुसऱ्याच कोणाचा चहा पितेय, तेवढं बघा.